समुद्रातलं औषध आणि भिंतीवरचं इंद्रजाल

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हिला झालंय तरी काय? आपलं गाव कुठं, समुद्र कुठं, आणि ही प्रवाळावर बोलायला बसली! पण जरा आपल्याच घरात नजर फिरवा. कुणाच्या अंगठीत पोवळं आहे. कुणाच्या मंगळसूत्रात पोवळ्याचा लाल मणी आहे. देव्हाऱ्यात शंख आहे. कुणाला वैद्यांनी प्रवाळ पिष्टी दिली आहे. आणि हल्ली बऱ्याच घरांत दाराच्या वर एक फ्रेम दिसते. काचेच्या आत काळं, पंख्यासारखं पसरलेलं, जाळीदार काहीतरी. त्याला म्हणतात इंद्रजाल. विकणारा सांगतो, ही दुर्मीळ झाडाची मुळी आहे, घरात ठेवली की करणी लागत नाही, आजार पळतो, पैसा टिकतो.

मैत्रिणींनो, ती मुळी नाही. ते झाडच नाही. तो समुद्रातल्या प्राण्यांच्या एका वसाहतीचा वाळलेला सांगाडा आहे. त्या प्राण्यांच्या नात्यागोत्यातून औषधं खरंच निघाली आहेत, पण ती फ्रेममधून निघाली नाहीत. ती कशी निघाली आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते आज सांगते.

आधी पोवळं म्हणजे काय ते बघू. समुद्राच्या तळाशी एक बारीकसा मऊ जीव असतो. इवलीशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे आकडे. एकटा असा जीव मसुराच्या दाण्याएवढाही नसतो बरेचदा. पण असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःसाठी कठीण घर बांधतात. अंगठीतलं लाल पोवळं म्हणजे हे घर. ते बहुतेक करून भूमध्य समुद्रातून येतं, आणि ते मुख्यतः चुनाच आहे, कॅल्शियम कार्बोनेट. काही जातींचे जीव चुन्याऐवजी शिंगासारखा चिवट, वाकणारा सांगाडा करतात. तो पंख्यासारखा पसरतो. त्यांना समुद्रपंखे म्हणतात. इंद्रजाल म्हणून विकलं जातं ते हे समुद्रपंखे, नाहीतर काळं प्रवाळ.

म्हणजे आपल्याकडे येतं ते त्या जीवाचं हाड. मांस, रस, जीव सगळं गेलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता एक प्रश्न विचारते. कडुनिंब कडू का? मिरची तिखट का? कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी का येतं? आपल्याला त्रास द्यावा म्हणून नव्हे. झाडाला पाय नाहीत. किडा आला, जनावर आलं, तर झाड पळू शकत नाही. मग ते अंगातच कडू, तिखट, झोंबणारं काहीतरी तयार करून ठेवतं. खाणाऱ्यानं एकदा तोंड लावलं की पुन्हा येऊ नये.

समुद्राच्या तळाशीही असे पुष्कळ प्राणी आहेत. पाठीचा कणा नाही, पाय नाहीत, कवच नाही, दात नाहीत. खडकाला चिकटून जन्म काढायचा. स्पंज, मऊ प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे त्यातले. आजूबाजूला भुकेले मासे. शेजारी जागेसाठी भांडणारे दुसरे जीव. सगळीकडे पाण्यात जंतू. अशात टिकायचं तर रसायन हाच एक उपाय. म्हणून या मुक्या, जागच्या जागी बसलेल्या प्राण्यांच्या अंगात इतक्या तऱ्हेची रसायनं सापडतात की शास्त्रज्ञ पन्नास-साठ वर्षांहून जास्त काळ त्यांच्या मागे आहेत. आपल्या गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली सुरू झालेली. तिथेही या रसायनांचा अभ्यास होतो.

आता तुम्हाला अगदी बाईच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगते. महिना आला की ओटीपोटात कळा येतात. का येतात? गर्भपिशवीच्या आतल्या थरात एक पदार्थ तयार होतो, त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. तो पिशवीला आकुंचन पावायला लावतो. पदार्थ जास्त झाला की कळा जास्त. आपण दवाखान्यातून पाळीच्या दुखण्याची मेफेनामिक अ‍ॅसिडची गोळी आणतो, ती हा पदार्थ तयार होण्यालाच अडवते. बाळंतपणातही हाच पदार्थ कामाचा. गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हायला तो मदत करतो.

हा पदार्थ आपल्या शरीरात असतो हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकातच कळलं होतं. पण अभ्यासाला, औषध करायला तो आणायचा कुठून? मेंढ्यांच्या ग्रंथींमधून काढावा लागे, आणि निघायचा अगदी नखभर. मग १९६९ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठातल्या वाइनहायमर आणि स्प्रॅगिन्स या दोघांनी एक गोष्ट जाहीर केली आणि सगळे चकित झाले. कॅरिबियन समुद्रात एक समुद्रपंख्याच्या कुळातलं प्रवाळ आहे, प्लेक्सॉरा होमोमल्ला. त्याची वरची मऊ साल वाळवली, तर तिच्यात शंभराला सुमारे दीड भाग प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचा पदार्थ निघाला. कुठं मेंढीतलं नखभर आणि कुठं हे!

तुम्ही विचाराल, प्रवाळाला ना पाळी, ना बाळंतपण. त्याला हा पदार्थ कशाला? शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न विचारला. उत्तर असं मिळालं की माशानं हे प्रवाळ असलेला घास खाल्ला तर त्याला उलटी होते, आणि पुढच्या वेळी तो त्या घासाकडे बघत नाही. आपल्या अंगात जो पदार्थ कळा आणतो, तो त्या प्रवाळाच्या घरी राखणदार आहे. निसर्गात एकच वस्तू दोन घरी दोन कामं करते.

मग झालं काय, की औषध कंपन्यांची नजर त्या प्रवाळाकडे गेली. कॅरिबियन समुद्रात ते किती आहे, किती तोडलं तर पुन्हा वाढतं, याचा हिशेब सुरू झाला. पण त्याच सुमारास, १९६९ मध्येच, हार्वर्ड विद्यापीठातल्या कोरी नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत साध्या पदार्थांपासून प्रोस्टाग्लँडिन बनवायची वाट शोधून काढली. प्रवाळ तोडायची गरज उरली नाही. आज कळा सुरू व्हायला डॉक्टर जे प्रोस्टाग्लँडिनचं जेल लावतात, किंवा बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबावा म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात, ती सगळी कारखान्यात बनते. बाळंतिणीचा जीव रक्तस्रावानं जातो हे आपल्या आज्यांच्या काळात किती घरांनी पाहिलं! त्या गोळीच्या कुळाचा अभ्यास पुढे जायला एका मुक्या समुद्रपंख्याचाही हातभार लागला. मात्र एक सांगून ठेवते. ही औषधं डॉक्टरांनी द्यायची आहेत. मेडिकलमधून आपण होऊन आणून घ्यायची नाहीत, जिवावर बेततं.

आता स्पंजाकडे येते. आपण भांडी घासायला जो स्पंज वापरतो तो कारखान्यातला. पण स्पंज हा मुळात समुद्रातला प्राणी. अंगभर छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत घेतो, त्यातलं अन्न गाळतो आणि पाणी सोडून देतो. अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या उथळ समुद्रातला असा एक स्पंज १९४५ साली वर्नर बर्गमन या शास्त्रज्ञांनी गोळा केला. पुढं १९५० च्या सुमारास त्यातून त्यांनी एक-दोन निराळे पदार्थ वेगळे काढले. त्यांचं निराळेपण काय, ते समजावून सांगते.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा ती आपल्या आतली सगळी माहिती उतरवून काढते. ती माहिती मण्यांच्या माळेसारखी असते, चार प्रकारचे मणी एका ठरलेल्या क्रमानं ओवलेले. स्पंजातला पदार्थ या मण्यांसारखाच दिसतो, पण त्यातली साखर वेगळ्या जातीची असते. म्हणजे खोटा मणी. हा धागा धरून शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत एक खोटा मणी तयार केला. त्याचं नाव सायटाराबिन. पेशीनं तो चुकून ओवला की त्याच्यापुढे दुसरा मणी नीट ओवता येत नाही. माळ तिथंच अडते, पेशी मरते.

कर्करोगाची पेशी भराभर वाढते, म्हणजे भराभर माळा ओवते. म्हणून खोट्या मण्याचा फटका तिला जास्त बसतो. १९६९ साली अमेरिकेत सायटाराबिनला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगात ते आजही दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आणि केमो घेताना केस का गळतात, तोंड का येतं, तेही यावरून समजेल. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत पेशी भराभर वाढत असतात. औषध त्यांनाही लागतं. औषध चुकलं म्हणून केस जात नाहीत. त्या बाईला धीर द्यायचा. केमो थांबवली, की केस बहुतेक वेळा पुन्हा येतात.

आणखी एका स्पंजाची गोष्ट ऐका, कारण ती स्तनाच्या कर्करोगाची आहे. जपानमध्ये टोकियोच्या दक्षिणेला मिउरा नावाचा भूभाग समुद्रात शिरलेला आहे. तिथल्या समुद्रातल्या काळ्या स्पंजातून १९८० च्या दशकात हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी एक पदार्थ काढला. कर्करोगाच्या पेशींवर तो फार जोरात चालत होता. पण मिळाला किती? सुमारे ६०० किलो स्पंज लागला आणि त्यातून निघाले साडेबारा मिलिग्रॅम.

हा हिशेब आपल्या भाषेत मांडते. पन्नास किलोचं एक पोतं धरा. बारा पोती स्पंज. आणि त्यातून निघालेला पदार्थ किती? एक तीळ साधारण तीन मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे बारा पोत्यांतून चार तीळ.

आता सांगा, कुणी तुम्हाला समुद्रातली वस्तू कुटून, पुडी बांधून देत असेल, तर त्या पुडीत औषध किती येणार? आणि आलंच तर त्याच्याबरोबर बाकीचं काय काय येणार? हे प्राणी विषानं आपली राखण करतात हे आपण मघाशी पाहिलं. सगळंच विष औषध नसतं. प्रवाळांच्या जवळच्या कुळातल्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, ते जगातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक आहे. हवाई बेटांवरच्या लोकांना अशा एका जागेची जुनी माहिती होती आणि तिथं जायला मनाई होती. १९७१ साली शास्त्रज्ञांनी ते विष वेगळं काढलं. विष आणि औषध यांत फरक करतं ते मोजमाप. आणि मोजमाप घरच्या खलबत्त्यात होत नाही.

जपानी स्पंजाचं पुढं काय झालं? बारा पोत्यांना चार तीळ, या हिशेबानं औषध करायला गेलं तर समुद्रातले स्पंज संपतील आणि एका दवाखान्यालाही पुरणार नाही. तेव्हा हार्वर्डमधले किशी नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली तो पदार्थ पहिल्या पायरीपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवला. बनवताना लक्षात आलं, की त्याचा अर्धा भागच कामाचा आहे. मग त्या अर्ध्या भागावरून औषध तयार झालं, एरिब्युलिन. पेशीच्या दोन होताना आतल्या ज्या दोऱ्या ओढल्या जातात, त्या दोऱ्यांना हे औषध अडवतं. २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कुणासाठी? ज्या बायकांचा स्तनाचा कर्करोग शरीरात पसरला आहे आणि ज्यांनी आधी दुसरी औषधं घेऊन झाली आहेत, त्यांच्यासाठी.

आणि ते किती उपयोगी पडलं, हे मोजून सांगितलेलं आहे. ७६२ बायकांवर अभ्यास झाला. काहींना एरिब्युलिन दिलं, काहींना त्यांच्या डॉक्टरांनी निवडलेला दुसरा उपचार. दुसऱ्या उपचारावरच्या बायका मध्यमानानं साडेदहा महिन्यांच्या आसपास जगल्या. एरिब्युलिनवरच्या तेरा महिन्यांच्या आसपास. फरक अडीच महिन्यांचा.

ऐकून काही जणी हिरमुसल्या असतील. एवढे स्पंज, एवढे शास्त्रज्ञ, पंचवीस वर्षं, आणि फक्त अडीच महिने? हो, अडीच महिने. ज्या बाईला लेकीचं लग्न बघायचं आहे, तिला विचारा अडीच महिने म्हणजे काय. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. खरं औषध आपला हिशेब उघडा करून ठेवतं. किती बायकांना दिलं, किती दिवस मिळाले, त्रास काय झाला, सगळं लिहिलेलं असतं. आपल्या गटाच्या वहीसारखं. जो माणूस शंभर टक्के गुण येईल म्हणतो आणि वही दाखवत नाही, त्याला आपण कर्ज देतो का?

हे मी उगाच बोलत नाही. आमच्या भागातल्या एका गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली. रक्कम होती अकरा हजार. कारण विचारलं, तर त्या ताई सांगेनात. शेवटी बैठक संपल्यावर बोलल्या. जावेच्या छातीत गाठ आहे, चार महिने झाले. ती दवाखान्यात जायला तयार नाही. जत्रेत एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं की इंद्रजालाची फ्रेम आणि समुद्री भस्माच्या एकवीस पुड्या घ्या, गाठ विरघळेल, चिरफाड नको. ताईंचं म्हणणं एवढंच होतं, की निदान काहीतरी केल्याचं समाधान.

त्या बैठकीत कुणी त्यांना हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. दवाखान्याची भीती आपल्या सगळ्यांना आहे. पैशाची आहे, नवरा काय म्हणेल याची आहे, अंगाला पुरुष डॉक्टर हात लावील याची आहे. गटानं कर्ज मंजूर केलं, पण कारण बदलून. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्या-येण्याची गाडी, तपासण्या आणि जावेचा दोन दिवसांचा बुडालेला रोज. आशाताई आणि गटाच्या अध्यक्ष सोबत गेल्या. तपासणीत गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, आता केमोचे फेरे चालू आहेत. केस गेलेत. डोक्याला पदर घट्ट बांधून ती मागच्या महिन्यात जावेबरोबर बैठकीला येऊन बसली होती. पुढं काय होईल ते डॉक्टर बघतील. पण पुड्यांमध्ये गेले असते ते महिने वाचले, आणि गाठीच्या बाबतीत महिनेच महत्त्वाचे असतात.

म्हणून मैत्रिणींनो, हे नीट ऐका. छातीत गाठ लागली, काखेत गाठ लागली, बोंडशी आत ओढली गेली, बोंडशीतून रक्त किंवा पाणी आलं, छातीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली, तर वाट बघायची नाही. दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, उलट बऱ्याचशा साध्या असतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात स्तन, गर्भाशयाचं तोंड आणि मुख या तीन ठिकाणच्या कर्करोगाची तपासणी करायची सरकारची योजना आहे. आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना विचारा, कोणत्या दिवशी होते. आणि रोग निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचं.

प्रवाळ पिष्टीबद्दल कुणी विचारेल, म्हणून सांगते. आयुर्वेदात प्रवाळ वापरतात, तो त्या हाडाचा भाग, म्हणजे चुना. तुमच्या वैद्यांनी ज्या कारणासाठी, ज्या मापात दिली असेल ती त्यांना विचारूनच घ्या. पण पोवळ्यापासून कर्करोगाचं औषध होतं असं कुणी म्हणालं, तर आता तुम्हाला माहीत आहे, की मी सांगितलेली ती औषधं मऊ अंगातल्या रसायनांच्या अभ्यासातून आली. हाडातून नाही.

आता फ्रेमची गोष्ट पुरी करते. आपल्या देशात समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि खडक बांधणारी प्रवाळं यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलेलं आहे. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. ती तोडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड होऊ शकतो. घर सुखी राहावं म्हणून आणलेली वस्तू घरात पोलीस आणू शकते. काही बायका बचत गटाच्या स्टॉलवर इतर वस्तूंबरोबर इंद्रजाल ठेवतात, कुणीतरी कमिशन देतो म्हणून. तसं अजिबात करू नका. घरात असेल, तर पुढं कुणाला विकू किंवा भेट देऊ नका, वन विभागाच्या कार्यालयात जाऊन काय करायचं ते विचारा.

आणि नुसता कायदा आहे म्हणून नव्हे. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातही प्रवाळ आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला आहे, तिथं १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरएक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, तिथं प्रवाळाची मोठी वस्ती आहे. या वस्त्यांच्या आधारानं मासे वाढतात, माशांच्या आधारानं कोळी घरं चालतात. समुद्राचं पाणी जास्त तापलं, की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं बारीक शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. फार दिवस तसं राहिलं तर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. आधीच तापलेल्या पाण्यात जीव धरून बसलेल्या प्रवाळाला वर आपण फ्रेमसाठी उपटायचं, हे बरं नव्हे.

शिवाय त्यांच्या अंगात अजून काय काय आहे ते कुठं सगळं कळलंय? मऊ प्रवाळातली काही रसायनं ते स्वतः बनवतं की त्याच्या अंगावरचे जंतू, हा वाद कितीतरी वर्षं होता. २०२२ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी दाखवलं, की त्या रसायनांची कृती प्रवाळाच्या स्वतःच्याच पेशींत लिहिलेली आहे. आता ती कृती उतरवून घेऊन, प्रवाळाला हात न लावता, पदार्थ बनवायचे प्रयत्न चालू आहेत. मात्र कृती उतरवून घ्यायला मूळ जीव शिल्लक राहिला पाहिजे. आजी गेली आणि तिची गोधडीची शिवण कुणी शिकलंच नाही, तर ती शिवण गेली ती गेलीच.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. येत्या बैठकीत वसुली आणि बचत झाली, की दहा मिनिटं या विषयाला द्या. तीन प्रश्न विचारा. आपल्या गटात तिशीच्या वरच्या किती जणींची तपासणी झाली आहे? कुणाला गाठ आहे पण ती बोलत नाही, असं आहे का? आणि आजारपणासाठी कर्ज मागितलं, तर ते डॉक्टरांच्या कागदावर जातंय की पुडीवाल्याच्या खिशात? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा. ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांची नावं आशाताईंकडे द्या आणि एक दिवस ठरवून सगळ्या मिळून उपकेंद्रात जा. एकटीला लाज वाटते, दहा जणी गेल्या की वाटत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. काळजी घ्या, नमस्कार.